नारळ उभा राहायचा तेव्हा

जांबोटी, ता. खानापूर

चि. रेणुका हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसता 'हूं' करत राहिलो. बाबांना पटलं नाही, असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं गं. शेजारी तुझी आई होती, आणि माझ्या तोंडून जे निघालं असतं ते मी तिलासुद्धा इतक्या वर्षांत सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

हुबळीला नर्सिंग शिकताना तुझ्या वॉर्डात होत्या त्या म्हाताऱ्या आजी रात्र काढणार नाहीत असं तुला संध्याकाळीच वाटलं, तू कुणाला बोलली नाहीस, आणि पहाटे त्या गेल्या. तेव्हापासून तुला झोप नाही. बोलले असते तर वाचल्या असत्या का, हा एक घोर. आपल्याला हे कळतंच कसं, हा दुसरा. त्यात हॉस्टेलच्या मुली 'माझं पण सांग की' म्हणून मागं लागल्यात.

मी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, हे तुला माहीत आहे. विजा चमकायला लागल्या की तुझी आजी मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं, असं गावानं ठरवलं आणि मीही ते मानलं. शाळा सुटली की कुणीतरी मोटारसायकल घेऊन फाटकाशी थांबलेला असायचा. तळहातावर नारळ आडवा ठेवून मी शेतात चालायचो. एका जागी तो आपोआप उभा राहायचा. आपोआप, बाळ, देवाशपथ. अंगावर काटा यायचा. तिथं बोअर मारली की पाणी लागायचं. लोक पाया पडायचे. पैसे मी कधी घेतले नाहीत, पण मान घेतला, आणि तो सुटणं पैशापेक्षा कठीण.

मग ओळखीतून अथणीकडच्या एका शेतकऱ्यानं बोलावलं. नारळ उभा राहिला. त्यानं बायकोचे दागिने गहाण टाकून गाडी बोलावली. दोनशे फूट गेले, तीनशे गेले, चारशे गेले, नुसता पांढरा फुफाटा उडत होता. पाचशेला गाडीवाल्यानं मशीन बंद केलं. तो माणूस माझ्यावर चिडला नाही. उलट म्हणाला, "गुरुजी, तुमचा काय दोष? माझं नशीब." ते वाक्य अजून कानात आहे. घरी येऊन मी गुडघे दुखतात असं सांगितलं आणि त्यानंतर नारळ हातात घेतला नाही.

पुढं पुष्कळ वर्षं मी त्यावर विचार केला. आपला हा पश्चिमेचा पट्टा पावसाचा. कणकुंबीला तर मलप्रभा उगम पावते. इथं दहा ठिकाणी भोक पाडलं तर बऱ्याच ठिकाणी पाणी लागणारच. अथणीची बाजू कोरडी. शिवाय शेतात पाय टाकताना माझे डोळे आधीच उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, ओढ्याचा उतार कुठं वळतो हे बघून आलेले असायचे. मला ते बघितल्याचं कळायचं नाही, हाताला मात्र कळायचं. कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८५२ साली हेच मांडलं होतं, की मनात नुसती अपेक्षा असली तरी आपल्या नकळत स्नायू हलतात. ते वाचलं तेव्हा मला लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. लागलेल्या बोअर सगळ्यांना पाठ होत्या. कोरड्या गेलेल्या कुणी मोजल्याच नव्हत्या, मीसुद्धा नाही.

आता तुझ्या वॉर्डातल्या त्या आजींचं आठव. त्या संध्याकाळी तू त्यांची चादर सारखी केलीस. बोटं गार लागली असतील. श्वास उथळ, भरभर चालला असेल. रोज चहा मागणारी बाई गप्प पडून असेल. तुझ्या डोळ्यांनी हे टिपलं आणि मनानं एकच निरोप दिला. तो खोटा नव्हता. पण निरोप आला की बसून घाबरायचं नाही, पलंगाजवळ जायचं. श्वास मोज, मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० असतात, हे तू मला शिकवलंस. नाडी बघ, बीपी घे, आणि ड्युटीवरच्या सिस्टरना सांग, "मला हे पेशंट बरं वाटत नाही." हसल्या तर हसू देत. जुन्या नर्सबाईंची शंका डॉक्टर कानावर घेतात ती उगाच नाही. त्या रात्री तू पहिल्या वर्षाची पोर होतीस. मरण तू आणलं नाहीस आणि अडवणं तुझ्या एकटीच्या हातात नव्हतं.

एक वही कर. जे वाटलं ते तारीख-वेळ घालून घडायच्या आधी लिही. चुकलेलंही पुसू नकोस. आणि मुलींना काही सांगू नकोस. 'तुझ्या घरी काहीतरी वाईट होणार' हे वाक्य ऐकणारीच्या पोटात वर्षानुवर्षं राहतं. ड्युटी संपली की हात-तोंड धू, कपडे बदल, मोकळ्या हवेत चाल. दुसऱ्याचं दुखणं तुझ्या अंगाला लहानपणापासून चिकटतं. बाजारात कुणी रडलं तर तू जेवायची नाहीस.

कुणी अंगात देवी आहे म्हणालं तर तिथून ऊठ. तुझ्या आत्याच्या केसांत जट झाली तेव्हा तिला सौंदत्तीला यल्लम्माची देवदासी म्हणून सोडा असं सांगायला चौघंजण घरी आले होते. मुली सोडायला बंदी घालणारा कायदा कर्नाटकात १९८२ सालीच झाला, पण माणसं कायदा विचारून येत नाहीत. तुझ्या आजीनं रात्री कात्री घेतली आणि जट कापून टाकली. तीच आजी दर वर्षी यल्लम्माच्या डोंगरावर जायची, तुझं नावही तिनंच ठेवलं. तिच्या भक्तीत काही कमी आलं नाही.

अजून झोप लागत नसेल, किंवा कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले, तर लपवू नकोस. हुबळीहून धारवाड जवळ आहे, तिथं डिमहान्सला, मनाच्या आजारांच्या दवाखान्यात, दाखवू. मी येतो. त्यात लाज कसली?

गणपतीला येशील तेव्हा वही आण. अथणीच्या त्या माणसाकडं मी परत कधी गेलो नाही. तोंड नव्हतं. या वेळी जायचं ठरवलंय. नशीब त्याचं नव्हतं, चूक माझी होती, एवढं त्याला सांगायचं आहे. तू बरोबर आलीस तर मला बळ येईल. सकाळच्या बसनं निघू.

तुझा,
बाबा