पटाशीची धार आणि होनिंग गाइड

माननीय संपादक महोदय,

बडोद्यातील सुतारकामाच्या एका वर्गात गेल्या महिन्यात नातवाला सोडायला गेलो असता, शिकवणाऱ्या गृहस्थांनी एका मुलाच्या हातातील होनिंग गाइड (धार लावताना पटाशी ठरावीक कोनात धरून ठेवणारे साधन) काढून घेतले आणि "ज्यांच्या मनगटात कसब नाही त्यांचे हे खेळणे" असे त्याला सर्वांसमक्ष सुनावले. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून कारागिराच्या हाताला मोजमापाची आणि शास्त्राची जोड दिली, तेथे हे ऐकावे लागल्याने हे पत्र लिहीत आहे.

पटाशी चिमटीत धरून दगडावर चाकाच्या आधारे पुढेमागे फिरवण्याचे हे साधन मनगटाची एकच उणीव भरून काढते. नवशिक्याचा हात पुढे जाताना नकळत वर उचलला जातो आणि मागे येताना खाली दबतो. त्यामुळे उताराला, म्हणजे धारेकडच्या तिरप्या भागाला, पोट येते, आणि तासभर घासूनही धार लागत नाही. गाइडमध्ये कोन ढळत नाही. बाजूने आवळण्याच्या नेहमीच्या प्रकारात पटाशी पुढे ४० मिलिमीटर काढली की सुमारे २५ अंशांचा, आणि ३० मिलिमीटर काढली की सुमारे ३० अंशांचा कोन मिळतो. (बनावटीनुसार थोडा फरक पडतो, एकदा कोनमापक लावून पाहावा.) मूळ उतार २५ अंशांचा ठेवून टोकाशी तेवढी केसभर पट्टी ३० अंशांवर घासली, तर फार थोडे पोलाद काढावे लागते आणि पुढच्या खेपेस दहा-बारा फेऱ्यांत काम भागते. पाठीवर, म्हणजे उताराच्या उलट बाजूला, संपूर्ण रुंदीभर बर (घासताना वळून आलेली पोलादाची बारीक कड) बोटाला लागली की उतार घासणे थांबवावे, आणि पाठ दगडावर सपाट टेकवून ती बर काढावी.

गाइडला मर्यादा आहेत, हे मी नाकारीत नाही. पाठ सपाट करण्याचे काम हातानेच करावे लागते. सहा मिलिमीटरची अरुंद पटाशी त्यात कलंडते. आणि संखेड्याच्या खरादावरील गोल धारेच्या हत्यारांना ते निरुपयोगीच आहे. स्वस्त गाइडच्या जबड्यांना कानसही मारावी लागते, नाहीतर पटाशी तिरकी सरकते. मात्र कसलेल्या सुताराला त्याची गरज नसते, म्हणून शिकणाऱ्यालाही ते वर्ज्य ठरत नाही. उलट, ग्राइंडरवर घाईने धार काढताना टोक निळे पडले की पोलादाचे पाणी (कडकपणा) उतरते, आणि ही चूक मी त्याच वर्गातील दोन पटाश्यांवर पाहिली. तिच्याबद्दल मात्र कोणी कोणाला बोलले नाही.

त्या मुलाला त्याचे गाइड परत मिळावे, आणि वर्गातील बाकाच्या कडेला ३० व ४० मिलिमीटर अंतरांचे दोन ठोकळे ठोकून ठेवावेत, इतकीच संबंधितांना विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त कर्मशाळा-शिक्षक,
दांडिया बाजार, बडोदे