टक्कल पडू लागले की आधी प्रकार ओळखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'महिनाभरात नवे केस, नाहीतर पैसे परत' अशा जाहिराती मराठी वृत्तपत्रांत आजही नेमाने दिसतात. औषधांविषयीच्या १९४५ च्या नियमांतला १०६ वा नियम सांगतो की 'जे' परिशिष्टात दिलेले आजार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे आणि नवे केस उगवणेही आहे. या जाहिरातींपायी पैसा जातो तो जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो. विशी-बाविशीत केस विरळ होऊ लागलेल्या मुलाला औषध चांगले लागू पडण्याचा काळ थोडा असतो आणि तोच तेलाच्या बाटल्या बदलण्यात संपतो. म्हणून हे पत्र.

तरुण पुरुषांतले बहुतेक टक्कल आनुवंशिक असते. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचे संप्रेरक बनते. कपाळाच्या कोपऱ्यांतली आणि भोवऱ्यापाशी असलेली केसांची मुळे काहींच्यात जन्मतःच या संप्रेरकाला हळवी असतात. एरवी डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग तीनेक महिने थांबून गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. हळव्या मुळांतूनही नवा येतो, पण आधीपेक्षा बारीक आणि आखूड, पुढच्या खेपेला आणखी बारीक, शेवटी नुसती लव. मानेवरची आणि कानांवरची मुळे डीएचटीला जुमानत नाहीत, म्हणून तो पट्टा शेवटपर्यंत टिकतो. मूळ लव देत आहे तोवर त्यातून पुन्हा जाड केस येण्याची आशा असते. कातडी गुळगुळीत होऊन चकाकू लागली की बाटलीतले काहीही तिथे कामाचे नाही. 'अजून जरा जाऊ दे, लग्नाच्या वेळी बघू' हा सल्ला घरच्यांनी कितीही मायेने दिलेला असला तरी तो नेमका उलटा आहे. 'मामाला टक्कल म्हणून भाच्याला' हेही अर्धेच खरे. त्यातले एक महत्त्वाचे जनुक आईकडून येते, पण इतर अनेक दोन्हीकडून येतात.

मात्र गळणारा प्रत्येक केस टकलाचा नसतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे निरोगी माणसातही चालते. डेंगी, टायफॉइड, मोठे ऑपरेशन किंवा महिनाभर अर्धपोटी राहून वजन उतरवणे, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. ताप विसरलेला असतो, त्यामुळे दोष शाम्पूला किंवा हॉस्टेलच्या बोअरच्या पाण्याला जातो. ही गळती डोकेभर सारखी असते आणि बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप थांबते. नाण्याएवढी गोल, गुळगुळीत जागा अचानक दिसली तर ती चाई. तिचे उपचार निराळे. खाज, खपल्या आणि तुटके केस असतील तर बुरशी. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून जे घडले ते तर याहून वेगळे होते. तिथे काही दिवसांत डोकी रिकामी झाली, बायका-मुलांचीही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट गेले. त्या गावांतल्या मुलाला आणि पुण्यात कोपरे मागे सरू लागलेल्या मुलाला एकच तेल विकणारा माणूस दोघांनाही फसवत असतो.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर एक दिवस डोके न धुता कोरड्या केसांतली ५०-६० केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हळू ओढावी. पाच-सहाहून जास्त केस हातात आले तर गळती जोरात आहे. त्यांच्या टोकाला पांढरा दाणा दिसतो; ते मूळ नव्हे, त्याला घाबरू नये. मग आरशासमोर कपाळाकडचे आणि मानेवरचे केस पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून पाहावेत. कपाळाकडच्यांत जाड, मध्यम, बारीक अशी सरमिसळ आणि मानेवरचे एकसारखे जाड असतील, तर ते आनुवंशिक टकलाचे लक्षण. फोटो काढावेत: एकच जागा, एकच दिवा, कोरडे केस, दर तीन महिन्यांनी, समोरून, दोन्ही कोपऱ्यांचे आणि वरून भोवऱ्याचा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही, फक्त जीव कासावीस होतो. सरसकट सगळ्या तपासण्या करण्याची गरज नसते. थकवा, वजनात बदल किंवा डोकेभर गळती असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी-१२ पुरे. बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात, कारण बायोटिनमुळे थायरॉइडचा आकडा चुकीचा येऊ शकतो. आणि एक प्रश्न डॉक्टर विचारतील त्याचे खरे उत्तर द्यावे: जिममध्ये कोणी स्नायूंसाठी इंजेक्शने दिली आहेत का? ती पुरुषी संप्रेरकेच असतात, आनुवंशिक टक्कल झपाट्याने पुढे नेतात.

आता औषधे. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि त्यातून टाळूला लावायचे द्रावण निघाले. अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांसाठी २ टक्क्यांच्या द्रावणाला मान्यता मिळाली. आज पुरुषांना ५ टक्के लागते. १० टक्क्यांच्या बाटलीने केस दुप्पट येत नाहीत, खाज मात्र वाढते. मात्रा १ मिली, दिवसातून दोनदा. ६० मिलीची बाटली म्हणजे बरोबर एक महिना. ती अडीच महिने पुरली असे कोणी आनंदाने सांगत असेल तर तो निम्म्याहून कमी औषध लावतो आहे. टाळू पूर्ण कोरडी हवी. विरळ भागात कंगव्याने चार-पाच भांग पाडावेत, प्रत्येक भांगात ड्रॉपरने थोडे थोडे थेट कातडीवर सोडावे आणि बोटाच्या टोकाने पसरावे. केसांवर ओतलेले औषध केसांवरच वाळते, त्याचा काही उपयोग नाही. पुढे चार तास डोके धुवू नये. रात्रीची खेप झोपण्याआधी किमान दोन तास लावावी, नाहीतर औषध उशीला आणि तिथून गालाला लागते आणि गालावर लव येते. हात साबणाने धुवावेत. घरात मांजर असेल तर उशी आणि बाटली तिच्यापासून दूर ठेवावी. मिनॉक्सिडिल मांजराच्या जिवावर बेतू शकते. द्रावणात अल्कोहोल असते, तेव्हा ओल्या डोक्याने गॅसपाशी किंवा निरांजनापाशी जाऊ नये. झाकण सैल राहिले की अल्कोहोल उडून ड्रॉपरच्या तोंडाशी पांढरे कण जमतात, मग मात्रेचा भरवसा राहत नाही.

बहुतेक लोक हे औषध जिथे सोडतात तो टप्पा म्हणजे दुसरा ते आठवा आठवडा. या काळात केस जास्त गळतात. थांबलेल्या मुळांना वाढीच्या फेऱ्यात ढकलले की जुना केस बाहेर पडतो, म्हणून ही गळती होते, आणि ती औषध काम करत असल्याची खूण असते. बाटली देताना दुकानात हे एक वाक्य सांगितले गेले, तर कितीतरी मुले उपचार अर्धवट टाकणार नाहीत. फरक दिसायला चार ते सहा महिने, पूर्ण अंदाजाला वर्ष. बंद केले की तीन-चार महिन्यांत मिळालेले केस जातात. हे औषध चष्म्यासारखे आहे, लावाल तोवर. एक खेप चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नये. टाळू फार खाजली तर दोष बहुधा द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो. ते नसलेला फोम मिळतो. छातीत धडधड, चक्कर, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज आली तर ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे जावे.

फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची रोजची गोळी डीएचटी बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवते आणि रक्तातले डीएचटी सुमारे दोन-तृतीयांशाने खाली आणते. गळती रोखण्यात मिनॉक्सिडिलपेक्षा तिची पकड घट्ट. पण ही चिठ्ठीशिवाय घ्यायची गोळी नव्हे. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणे, ताठरता न येणे असे त्रास होतात. बहुतेकांत गोळी थांबवल्यावर जातात, काहींनी ते टिकून राहिल्याच्या तक्रारी केल्या आहेत. मन खचणे, आत्महत्येचे विचार येणे हेही नोंदले गेले आहे. ज्याला आधी नैराश्य येऊन गेले आहे त्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये. मूल हवे असून राहत नसेल तर वीर्यतपासणीच्या वेळी या गोळीचा उल्लेख करावा. फुटलेली गोळी गर्भवती स्त्रीने हाताळू नये. मुलगा असल्यास गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. रक्तदान गोळी थांबवल्यावर महिन्याने. आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. बाजारात मिनॉक्सिडिलच्या काही बाटल्यांत फिनास्टेराइड मिसळलेले असते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एकच नाव आणि खाली बारीक अक्षरांत दुसरे. मित्राची बाटली आणण्याआधी ती दुसरी ओळ वाचावी.

घरगुती उपायांचे थोडक्यात. खोबरेल केसाचे तुटणे कमी करते, चंपीने बरे वाटते, लावायला हरकत नाही. पण माका असो की जास्वंद, डीएचटीचे काम तेल थांबवत नाही. मुंडण केल्याने केस दाट येत नाहीत. कापलेले टोक बोथट असल्यामुळे ते जाड भासतात. हेल्मेटने टक्कल पडत नाही, हेल्मेट घालावेच. कोंडा असेल तर २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटे ठेवून.

केशरोपणाची घाई मात्र भीती वाटावी अशी वाढली आहे. मानेच्या पट्ट्यातून काढलेली मुळे पुढे लावतात, त्यामुळे एकूण साठा मर्यादित. बाविसाव्या वर्षी कपाळावर खाली, अगदी कॉलेजातल्यासारखी रेषा आखून घेतली की पुढच्या दहा वर्षांत तिच्या मागचे केस जातात, पुढे एक बेट उरते आणि भरायला साठा शिल्लक नसतो. म्हणून टक्कल कुठवर जाणार याचा अंदाज येईपर्यंत, सहसा पंचविशीपर्यंत तरी, थांबवणारा डॉक्टर चांगला समजावा. दर विचारताना 'केस' की 'ग्राफ्ट' हे स्पष्ट करून घ्यावे. ग्राफ्ट म्हणजे एकत्र काढलेला मुळांचा झुपका; एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात आणि आकडा फुगवण्याची जागा तीच. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर उगवतात, वर्षभराने खरे चित्र दिसते. बाकीचे केस टिकवायला औषध पुढेही लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून ही शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावी असे सांगितले आहे. छेद कोण देणार, त्याची पदवी कोणती, आणीबाणीत ऑक्सिजन आणि भूलतज्ज्ञ आहे का, हे विचारायला लाजू नये. भुलीच्या औषधाची कमाल मात्रा वजनावर ठरते. एका बैठकीत अवाढव्य ग्राफ्ट बसवण्याच्या नादात ती ओलांडली तर हृदयावर येते.

उपचार न करणे हाही चांगला निर्णय आहे, फक्त तो ठरवून घेतलेला असावा. बाजूचे केस लांब वाढवून वर ओढून घेतले की विरळपणा उठून दिसतो. सलूनमध्ये बाजूला एक नंबरची मशीन म्हणजे ३ मिलिमीटर आणि वर दोन नंबरची म्हणजे ६ मिलिमीटर सांगावी; कातडी आणि केस यांतला फरक कमी दिसतो. सोबत नीट राखलेली दाढी शोभते. उघड्या टाळूला ऊन लागते, शेतावर किंवा दुचाकीवर काम असणाऱ्यांनी टोपी आणि एसपीएफ ३० चे मलम विसरू नये. हेअर पॅच घ्यायचा तर क्लिपचा टाळावा, उरलेले केस त्याने ओढले जाऊन तुटतात. स्थळासाठी फोटो आत्ताचाच द्यावा. मुलीला साखरपुड्यानंतर कळणे दोघांनाही दुखवते.

आणि घरच्यांनी, मित्रांनी 'टकल्या' हा शब्द विनोदी आहे ही समजूत सोडावी. मुलगा टोपीशिवाय बाहेर पडेना, लग्नकार्ये टाळू लागला, तासन्‌तास आरशात कपाळ मोजू लागला, तर त्याला केसांच्या डॉक्टरआधी मानसोपचारतज्ज्ञाची गरज असू शकते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत आणि मोफत बोलता येते.

फसलेल्यांनी जाहिरातीचे तारखेसह कात्रण, बिल आणि बॅच क्रमांक असलेला खोका जपून ठेवावा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आपल्या जाहिरात विभागानेही केस उगवण्याचा मजकूर स्वीकारण्याआधी उत्पादन परवान्याची प्रत मागावी आणि ती नसेल तर जाहिरात परत करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक फार्मासिस्ट, सांगली