सुध्या, आधी पाणी मोज, मग मिस्त्री बोलव

नागपूर, १२ मे

प्रिय सुध्या,

तुझी प्रश्नपत्रिका मिळाली. बेस्याला बंगला घेतलास, त्यात पोहायचा टँकही आयता मिळाला आणि आता झोप उडाली म्हणतोस. उडणारच!

आधी पातळीचं, टँकमधलं पाणी रोज उतरतंय म्हणतोस त्याचं. पाहायला आलेला मिस्त्री म्हणाला, लिकेज आहे, सगळ्या टाइल्स उखडाव्या लागतील. काही उखडू नको. नागपूरचा मे आहे बाप्पा. पारा पंचेचाळीसला टेकलेला आणि वर कोरडा वारा, उघडं पाणी दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास नुसतं उडूनच जातं. तुझा टँक वीस बाय दहा फुटांचा, म्हणजे एका सेंटिमीटरला १८६ लिटर. रोजचा एक ड्रम ऊनच पिऊन टाकतं. खात्री करायची तर प्लास्टिकची बादली टँकच्या वरच्या पायरीवर ठेव, तरंगू नये म्हणून आत दोन विटा टाक आणि बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भर. बादलीला आतून आणि टँकच्या भिंतीला पेन्सिलीने खूण कर. पंप बंद ठेवून चोवीस तासांनी पाहा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर उन्हाचा प्रताप, टँकमधलं जास्त उतरलं तर गळती. मग हेच पंप चालू ठेवून कर. तेव्हाच जास्त उतरत असेल, तर पाइपांवर संशय घे.

आपल्याकडच्या काळ्या मातीत तो संशय बहुधा खरा ठरतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मधल्यामध्ये पाइपांचे जोड सुटतात. म्हणून टाइल्सवाल्याच्या आधी प्लंबर बोलव. आणि दुरुस्तीसाठी टँक रिकामा करायचा असेल तर पाऊस लागायच्या आत उरक. भर पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं, की रिकामा टँक खालून उचलला जातो, तडकतो.

माणूस कुठून आणू, विचारतोस. चौकात रोजीचे मजूर उभे असतात त्या ठिय्यावरून आण, काही बिघडत नाही. छत्तीसगड, बालाघाटकडची माणसं असतात, खोदणं, घासणं, सांधी भरणं त्यांच्या हातचं. फक्त 'सब हो जाएगा साहब' म्हणणाऱ्याला पंपाला हात लावू देऊ नको. पंप बघायला येईल त्याला विचार, फिल्टरचं बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून धुणं, कधी करायचं? 'दर रविवारी' म्हणाला तर चहा पाजून वाटेला लाव. 'प्रेशरचं मीटर कुठे आहे?' म्हणाला तर ठेवून घे. धुतलेल्या फिल्टरवर काटा जिथे असतो, त्याच्यापेक्षा आठ-दहा पीएसआय (दाबाचं माप) वर गेला की बॅकवॉश, आणि काचेतून दिसणारं गढूळ पाणी नितळ होईपर्यंत.

रोजी की ठेका? गळती शोधणं ठेक्याने दिलंस तर पहिल्याच सांध्याला 'सापडली' म्हणतील. टाइल्स रोजीने दिल्यास तर दिवाळीपर्यंत बसवतील. तेव्हा शोधणं रोजीने, बसवणं ठेक्याने. सामान आपण आणायचं आणि शेवटचे पैसे टँक भरून पाहिल्यावरच द्यायचे.

हिरव्या पाण्याचं म्हणशील तर क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन) आणि पीएच ७.२ ते ७.६ ठेव, शेवाळ धरत नाही. पण आपलं ऊन क्लोरीन खातं, म्हणून ते संध्याकाळी टाकायचं आणि पंप रात्री चालवायचा. क्लोरीनच्या गोळ्यांमध्ये त्याला उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर असतं, ब्लीचिंग पावडरमध्ये नसतं. मात्र नुसत्या गोळ्यांवर वर्ष काढलंस तर हे स्टॅबिलायझर इतकं साचतं, की क्लोरीन असूनही पाणी हिरवं पडतं. मग थोडं पाणी बदलावंच लागतं. गोळ्या आणि पावडर एकाच डब्यात कधीही ठेवू नको, भडका उडतो. ॲसिड तर दोन्हींपासून लांबच, विषारी वायू सुटतो. आणि डोळे झोंबले, उग्र वास आला की लोक 'क्लोरीन जास्त झालं' म्हणतात. बहुतेक वेळा उलटं असतं, घाम-मळाशी झुंजून ते थकलेलं असतं, आणखी घालावं लागतं. म्हणून अंदाजाने काही टाकायचं नाही. मोजायचं काम कोणत्याही कामवाल्यावर सोपवू नको, तेवढं तुझंच.

वायरिंगला मात्र लायसन्सवालाच. पंपाच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि पाण्यातला दिवा १२ व्होल्टचा. इथे घासाघीस करशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

रविवारी टेस्ट किट घेऊन येतो. वहिनींना सांग, जेवायलाच येतोय, सावजी नको, साधं वरण-भात चालेल.

तुझा,
अव्या

ता. क. पिंकीची पोरं सुट्टीत येतायत म्हणालास. ती यायच्या आत टँकभोवती चार फूट उंच जाळी आणि आपोआप लागणारं फाटक बसवून घे, कडी पोरांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. वेल्डरला मी उद्याच पाठवतो.