सातातले सहा

नागपूर
मे महिना, दुपार (पारा ४५ वर)

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, साखर आटोक्यात.

मामाच्या गोदामातली 'एट बॉल' घरी आणली. हो बे, तीच पिनबॉलची मशीन, बॅली कंपनीची, १९७७ ची. चौघांनी जिना चढवली आणि हिनं दोन दिवस अबोला धरला. कूलरची जागा गेली ना, तीही मे महिन्यात!

इतकी वर्षं मी गावभर सांगत आलो की सुध्यानं फ्यूजवर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली आणि मशीन मेली. तुझ्या लग्नाच्या पंगतीतही सांगितलं. म्हणूनच हे लिहायला बसलो.

रोज रात्री मीटर घेऊन बसतो. डिस्प्लेच्या जोडण्या आधी काढल्या. तिथे १९० व्होल्ट असतात. तुला बसलेला झटका मी विसरलेलो नाही, आणि तेव्हा तू काय ओरडलास तेही. ड्रायव्हर बोर्डावर पाच व्होल्ट ठणठणीत, पण वायरच्या दुसऱ्या टोकाला, मुख्य बोर्डावर, ४.६. एवढ्यावर प्रोसेसर काहून उठेल? भिंग लावलं तर कनेक्टरच्या पिना तापून काळ्या पडलेल्या, प्रत्येकीच्या सोल्डरच्या डागाला गोल तडा. पिना बदलल्या. रेग्युलेटरच्या आधीचा ११,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरचा डबाही वाळला होता. बर्डीच्या बाजारात १५,००० चा मिळाला, तो ठोकला. झाले पाचला पाच.

पण मुख्य बोर्डावरचा दिवा! मशीन सुरू करताना आधी लुकलुक, मग एकेक तपासणी पार पडली की एकदा, असा सात वेळा चमकायचा, आठवतं? आपण मोठ्यानं मोजायचो. आता लागला तो लागलाच, विझेना. बॅटरीच्या आसपास पाहिलं तर हिरवा बुरा. तिच्यातून पाझरलेल्या क्षारानं प्रोसेसरला जागं करणारं रिसेटचं सर्किट खाल्लेलं.

ती बॅटरी काढ म्हणून तू किती भांडला होतास. मला वाटलं, याला माझा स्कोअर पुसायचाय. बॅटरी गेली की हाय स्कोअर गेला, आणि ७ लाख ८४ हजार मी सोडणार होतो होय! तीन आठवडे बोललो नाही आपण. पुढे मशीन बंद पडली तेव्हा तुझी चांदी मला आयतीच सापडली.

व्हिनेगरनं पुसलं, दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर रेझिस्टर बदलले. काल रात्री एकटाच मोजत होतो. एक, दोन, तीन... सहा. पुढे काही नाही. सातवा येतो तो चेंडू उडवणाऱ्या कॉइलचे ४३ व्होल्ट पोचले तरच. रेक्टिफायर बोर्ड उघडला तर तुझी चांदी जागच्या जागी, शाबूत! शेजारचा ब्रिज, एसीचा डीसी करणारा, मात्र जळून कोळसा. फ्यूज वेळेवर उडाला असता तर वाचला असता बिचारा. म्हणजे लेका, सातातले सहा माझे आणि एक तुझा. पंगतीत सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं.

सायलीचं कॉलेज कोणतं ठरलं? वहिनींचा गुडघा? घर बदललंत हे मला दुसऱ्यांकडून कळावं का?

नवा ब्रिज आणून ठेवलाय, बसवलेला नाही. चांदीही तशीच आहे. दिवाळीत ये, ती तूच काढ आणि डागही तूच दे. तर्री पोहे माझ्याकडून.

तुझा,
नंद्या