केदारकंठ्याच्या थंडीसाठी लायनर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

स्लीपिंग बॅगेत घालायला लायनर, म्हणजे आतली पातळ पिशवी, कुठला घेऊ, असं विचारलं आहेस. जानेवारीत उत्तराखंडातला केदारकंठ्याचा ट्रेक म्हणजे जुडा का तालाबच्या मुक्कामाला तंबू बहुधा बर्फावरच लागणार, म्हणून आधी बॅग नीट बघ. आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तापमानाचे तीन आकडे असतात. कम्फर्ट बायकांच्या शरीराच्या हिशेबाने काढलेला, लिमिट पुरुषांच्या. एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव तगेल इतकंच, झोप विसर. भाड्याच्या बॅगेवर नुसतं ‘उणे १०’ लिहिलेलं असेल तर तो कुठला आकडा, हे विचार. तू कम्फर्टच धरायचा.

लायनरच्या पाकिटावर आठ-दहा अंशांची ऊब छापतात, त्यावर जाऊ नकोस. रेशमी लायनरने दोनेक अंश, जाड फ्लीसने फार तर चार-पाच, इतकाच हिशेब धर. पण भाड्याच्या बॅगेत आधी कितीजण झोपून गेलेले असतात, तेव्हा स्वच्छतेसाठी तरी तो हवाच.

सुती नको. सूत घाम धरून ठेवतं आणि त्या थंडीत वाळत नाही. फ्लीस उबदार खरा, पण वजन ४०० ग्रॅमच्या आसपास किंवा जास्तच, आणि सॅकमध्ये जागा खातो. ममी आकाराच्या अरुंद बॅगेत तर तो आतून भरण दाबतो. ऊब राहते ती भरणात अडकलेल्या हवेमुळे, ती हवाच गेली तर फ्लीसचा काय उपयोग? शिवाय थर्मलला धरून बसतो, कूस बदलली की पायांना पीळ.

माझं मत रेशमाला. विकतचा साधारण दीडशे ग्रॅमचा येतो. घरी शिवायचा तर जुनी मऊ क्रेप सिल्क साडी चालेल. ती आधी उजेडात धरून बघ, रेशीम घडीवर विरतं. जरीचे काठ-पदर काढून टाक, जर टोचते. साडेचार मीटर कापड लांबीत मधोमध दुमडलं की सव्वादोन मीटरची पिशवी होते, घडी पायाकडे. रुंदी खांद्याशी ८५ सेंमी, पायाशी ६०. एका बाजूची शिलाई वरून ५० सेंमी सोडून दे, नाहीतर रात्री उठायचं झालं की आतच अडकशील. त्या उघड्या भागाच्या खालच्या टोकाला टीप तीनदा मार, कारण लायनर उसवतो तो तिथूनच.

आणि मॅट! लायनरपेक्षा मोठा फरक तिने पडतो. अंगाखाली बॅगेचं भरण चपटं होतं, मग थंडी थेट खालून चढते. बर्फावर आर-व्हॅल्यू, म्हणजे मॅटची थंडी अडवण्याची ताकद, ४ ते ५ हवी. साध्या फोमच्या मॅटची २ च्या आसपास असते, म्हणून दोन एकावर एक घाल.

घामेजलेलं थर्मल आणि दिवसभराचे मोजे बदलूनच आत शिर. नाक-तोंड बाहेर ठेव, श्वासाची वाफ आत गेली की भरण दमट होतं आणि दुसऱ्या रात्री तीच बॅग गार लागते. परतल्यावर लायनर गार पाण्यात रिठ्याने धू, न पिळता सावलीत वाळव.

तुझी,
आई