त्रिनिदादचा पाऊस आणि आपली डावणी

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

परवा फोन मध्येच कट झाला, लाईट गेली होती आमच्याकडं, म्हणून आज निवांत टाइप करतोय. इथं रात्र आहे, तुम्ही सकाळी चहा घेता घेता वाचाल.

पाऊस काय थांबायचं नाव घेईना. इथं जून ते डिसेंबर पावसाळाच, पण सप्टेंबर-ऑक्टोबरला मधे थोडी उघडीप मिळते, तिला लोक पेटी कॅरेम म्हणतात, आणि भाजीवाल्यांचं सगळं गणित त्या उघडिपीवर असतं. यंदा ती आलीच नाही म्हणा ना. आमचे शेजारचे अंकल आधी ऊस कंपनीत होते, 2003 ला कंपनी बंद झाली तेव्हा कामगारांना दोन-दोन एकर मिळाले, त्यात ते बोडी लावतात (आपली चवळीची शेंग, पण हातभर लांब) आणि टोमॅटो. माती चिकण, जरा वाफसा येतोय वाटलं की परत सर येते. बोडी पिवळी पडली, भोपळे खालून कुजले. जरा जास्त झाला की सगळे 2018 च्या ऑक्टोबरमधला पूर काढतात, तेव्हा कॅरोनी नदी घरात शिरली होती.

आई, तुला गंमत, इथं टोमॅटोला दमादोल म्हणतात आणि कारल्याला करैली, 1845 पासून आलेल्या बिहार-यूपीच्या मजुरांची भाषा, भाज्यांच्या नावात टिकलीय. पण सध्या दमादोल हात लावायच्या भावात नाही, मी चिंचेवर आमटी भागवतोय.

बाबा, आमच्या कोकोचं ऐका. आमच्या युनिव्हर्सिटीच्या बागेत दोन हजारांवर जातींची झाडं आहेत, त्यांच्या फळांवर आता काळा रोग आलाय, आधी तपकिरी ठिपका मग काही दिवसातच अख्खं फळ काळं. बारकाईनं बघितलं तर हा आपल्या द्राक्षावरच्या डावणी रोगाचा चुलतभाऊ निघतो! दोघं एकाच घराण्यातले, दोघांना पानाफळावर पाणी साचलेलं पाहिजे, आणि औषध पण तेच, तांब्याचं. मी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) म्हटलं तर सगळे माझ्याकडं बघायला लागले की ह्याला कसं माहीत, म्हटलं तासगावात वाढलोय. पण फवारायला चार तास तरी कोरडे मिळायला हवेत ना. कोकोच्या बिया वाळवायचे पण हाल, जुन्या कोको घरांचं छप्पर रुळावर सरकतं, ऊन आलं की उघडायचं, सर आली की ढकलून बंद, दिवसभर तोच धंदा. बेदाण्याच्या शेडवर असलं छप्पर असतं तर त्या अवकाळीत आपला माल वाचला असता असं सारखं मनात येतं.

तिकडं पण परतीचा पाऊस रेंगाळलाय म्हणे. वरच्या प्लॉटची छाटणी घेतली का थांबलाय? घाई करू नका, आणि पोंगा अवस्थेत (कोंब फुटून पानं उलगडायच्या आधी) पाऊस आला तर मला फोटो टाका, पानाच्या खालच्या बाजूचा पण.

तुमचा,
बाळू