सूट द्या साहेब, पण मीटर बघून द्या: डेटा सेंटरच्या करारांबद्दल मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मुख्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

ऊर्जा खातंही तुमच्याकडेच आहे म्हणून हे पत्र थेट तुम्हालाच लिहितोय. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात डेटा सेंटरच्या, म्हणजे जिथे कंपन्यांचे हजारो सर्व्हर (मोठे कॉम्प्युटर) चोवीस तास चालतात त्या बिल्डिंगच्या, कूलिंगचं काम करतो, अकरा वर्षं झाली, आधी एका कंपनीत शिफ्ट टेक्निशियन होतो, आता दुसरीकडे शिफ्ट इंजिनीयर आहे. राहायला घणसोलीत, गाव जत तालुक्यात. माझं घर या धंद्यावर चालतं, त्यामुळे डेटा सेंटर नको असं मी कधीच म्हणणार नाही. पण जे रोज डोळ्यांनी बघतो ते तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे असं फार दिवस वाटतंय, कारण आत्ता जे करार होतायत ते पुढची वीसपंचवीस वर्षं आपल्या वीजेवर आणि पाण्यावर बसणारेत.

जानेवारी २०२५ मध्ये दावोसला तुम्ही १५ लाख कोटींच्या वरचे करार केले, अ‍ॅमेझॉनने २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर महाराष्ट्रात टाकायचं जाहीर केलं, मग सप्टेंबरमध्ये डोंबिवलीजवळच्या पलावाच्या डेटा सेंटर पार्कसाठी लोढा या बिल्डर कंपनीबरोबर ३० हजार कोटींचा करार झाला. देशातली जवळपास निम्मी डेटा सेंटर क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत आहे, समुद्राखालच्या केबल इथे किनाऱ्याला लागतात, बँका इथे, शेअर बाजार इथे, म्हणजे कंपन्या इथे येणारच. हल्ली प्रत्येक घोषणेत 'ग्रीन' हा शब्द असतो. मला एवढंच विचारायचंय, ग्रीन म्हणजे किती? आमच्या धंद्यात याचं माप आहे आणि ते मीटरवर दिसतं.

त्याला पीयूई म्हणतात. सर्व्हरला जेवढी वीज लागते त्याच्या किती पट वीज अख्खी बिल्डिंग खाते, तो आकडा. १.६ असेल तर सर्व्हरच्या दर १०० युनिटमागे ६० युनिट कूलिंग, यूपीएस, लाईट वगैरेत गेले. १.३ असेल तर ३० गेले. आता १०० मेगावॅटचं एक सेंटर पूर्ण भरलेलं धरा, या दोन आकड्यांमधला फरक होतो ३० मेगावॅट, तोही चोवीस तास बारा महिने, म्हणजे वर्षाला २६ कोटी युनिटच्या वर. महिन्याला १०० युनिट वापरणारी दोन लाखांहून जास्त घरं वर्षभर चालतील एवढी वीज ही. आणि ही फक्त एका सेंटरची गोष्ट आहे.

आता ही वीज जाते कुठे ते सांगतो. मी आधी जिथे होतो तिथल्या एका हॉलची गोष्ट. आमच्या हॉलमध्ये रॅकच्या, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटांच्या, समोरच्या बाजूने थंड हवा येते आणि पाठीमागून गरम हवा बाहेर पडते, पुढची गल्ली थंड, मागची गल्ली गरम, मागच्या गल्लीत पाच मिनिटं उभं राहिलं की शर्ट पाठीला चिकटतो. एका रॅकमध्ये दोन सर्व्हर काढून नेले होते आणि तिथली जागा तशीच उघडी होती, त्या भोकातून मागची गरम हवा पुढे यायची, वरच्या सर्व्हरचा सेन्सर ओरडायचा आणि मग आमचा साहेब काय करायचा, तर अख्ख्या हॉलचं तापमान अजून एक अंश खाली. भोकाला लावायची प्लास्टिकची पट्टी काही शे रुपयांची असते. ती मागवायला तीन आठवडे लागले, कारण रॅक कस्टमरचा, हॉल कंपनीचा, पट्टीचे पैसे कोणी द्यायचे यावर ईमेल चालू होते. शेवटी आमच्या पोरांनी पुठ्ठा कापून टेपने चिकटवला, सेन्सर गप्प झाला, दुसऱ्या दिवशी आम्ही हॉल दोन अंशांनी वर घेतला, कुठेच काही झालं नाही. चिलरचं, म्हणजे हॉल गार ठेवायला पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं, पाणी एक अंश कमी थंड ठेवलं तर चिलरची दोनतीन टक्के वीज वाचते असा आमच्यातला ढोबळ हिशोब आहे.

साहेब, ती पट्टी नव्हती यामागे कोणाचा आळस नव्हता, करारच तसा होता. बहुतेक सेंटरमध्ये बिल्डिंग एकाची आणि सर्व्हर दुसऱ्याचे असतात, भाडेकरूच म्हणा ना. वीजबिल पीयूईने गुणून भाडेकरूला लावलं जातं, म्हणजे कूलिंगमध्ये वीज वाया गेली तरी मालकाच्या खिशातून जात नाही. आणि भाडेकरूने करारात लिहिलेलं असतं की हॉल २२ अंशांच्या वर गेला तर दंड. अ‍ॅशरे नावाची जी संस्था या धंद्याचे तापमानाचे नियम ठरवते ती १८ ते २७ अंश चालेल असं सांगते, सर्व्हर बनवणारेही त्या हिशोबानेच बनवतात. पण दंडाच्या भीतीने मालक २० वर ठेवतो, भाडेकरू बिल पुढे त्याच्या गिऱ्हाईकावर ढकलतो आणि या दोघांत वीज वाचवायचं कोणालाच पडलेलं नसतं. मला वाटतं खरी पार्टनरशिप इथे पाहिजे, मालक आणि भाडेकरू यांच्यात, की हॉल २५-२६ अंशावर चालेल आणि वाचलेल्या पैशांचे वाटे ठरलेले असतील. ते दोघं आपणहून करणार नाहीत. तिसरा पार्टनर सरकार आहे, कारण २०२३ च्या आयटी धोरणात डेटा सेंटरना वीज शुल्क आणि मुद्रांक शुल्कात सूट आपणच देतोय. ज्याने सूट दिली त्याने अट घालायची नाही तर कोणी घालायची?

एआयमुळे हे अजून तातडीचं झालंय. पूर्वी एका रॅकला पाचसात किलोवॅट लागायचे, आता नव्या एआय रॅकला १०० किलोवॅटच्या वर लागतात, तिथे हवेने थंड करणं जमतच नाही, चिपपर्यंत पाणी न्यावं लागतं. यात एक चांगली गोष्ट अशी की त्या चिपना बर्फासारखं पाणी लागत नाही, काही सिस्टीम तर ४५ अंशाचं पाणीही चालवून घेतात. मुंबईसारख्या दमट हवेत आम्हाला युरोपसारखी बाहेरची थंड हवा कधीच मिळणार नाही, पण कोमट पाण्यावर चालणारा हॉल मिळू शकतो, ज्यात वर्षातला बराच काळ चिलर बंद ठेवता येईल. मात्र ते पाईप बिल्डिंग बांधतानाच टाकावे लागतात, नंतर फोडाफोड करून परवडत नाही. पलावा असो की ऐरोली, प्लॅन आत्ता पास होतायत म्हणून आत्ताच सांगतोय.

आता सोलरचं बोलतो, कारण 'आम्ही १०० टक्के ग्रीन' हे वाक्य तिथून येतं. कंपनी सोलर किंवा पवनचक्कीच्या प्रकल्पात किमान २६ टक्के भागीदारी घेते, तिथली निम्म्याहून जास्त वीज स्वतः वापरते आणि ती वीज कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्याच प्रकल्पाची, धरली जाते, नियमातच तशी सोय आहे आणि सोय चांगली आहे, तिच्यामुळे आपल्या दुष्काळी पट्ट्यात पॅनेल उभी राहिली. पण वर्षाचे युनिट वर्षाच्या युनिटला जुळवले की कागद ग्रीन होतो. माझी नाईट शिफ्ट रात्री दोन वाजता असते, त्या वेळी सोलापूरला ऊन नसतं. रात्री दोन वाजता माझा चिलर जी वीज ओढतो ती ग्रिडवर त्या क्षणी जी असेल ती, म्हणजे बहुतेक कोळशाची. ट्रॉम्बेचा कोळशावरचा प्रकल्प बंद करायचं चाललं होतं, २०२३ मध्ये त्याला मुदतवाढ मिळाली. माहुलची माणसं त्या धुराड्याच्या शेजारी राहतात, त्यांच्यासाठी वर्षाची सरासरी काय कामाची.

आमच्या गावाकडे वडिलांनी अर्धं आयुष्य रात्रीच्या लाईटवर पाणी दिलं, एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, काठी आणि बॅटरी घेऊन सापकिरडांत. तुमच्या सौर कृषी वाहिनी योजनेने शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायचं ठरवलं ते फार बरं केलं. मग माझं म्हणणं असं की दिवसाचा सोलर शेतीला आणि डेटा सेंटरला दोघांना पुरतोय, अडचण रात्रीची आहे, तर रात्रीची सोय करायची जबाबदारी ज्यांचा लोड रात्रीही तसाच असतो त्यांच्यावर टाका. दिवसा पाणी वर चढवायचं आणि रात्री सोडून वीज करायची हे आपल्या सह्याद्रीत होतं, घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प चालू आहे, टाटा पॉवरशी तुमचा भिवपुरी आणि शिरवताचा मिळून २८०० मेगावॅटचा करार २०२३ मध्येच झालाय. डेटा सेंटरवाल्यांना म्हणा यात पैसे घाला, नाहीतर तेवढ्या बॅटऱ्या बसवा, आणि हिशोब तासागणिक द्या. सूट तासाच्या हिशोबावर.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार मला अजून आठवतो. सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड गेला, लोकल जागच्या जागी उभ्या, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक आजी अडकलेल्या आणि इकडे आमच्या हॉलमध्ये एक लाईटसुद्धा लुकलुकला नाही, बॅटरीने सांभाळलं, काही सेकंदांत जनरेटर सुरू झाले, आम्ही दिवसभर डिझेल मोजत बसलो. तेव्हापासून डोक्यात आहे की एवढ्या बॅटऱ्या आणि एवढे जनरेटर या एका पट्ट्यात उभे आहेत, ग्रिड अडचणीत असताना त्या बॅटऱ्यांमधून लोड थोडा उचलून धरता आला तर? तांत्रिकदृष्ट्या जमतं, महावितरण आणि कंपन्या एकत्र बसल्या पाहिजेत, बस.

पाण्याचं थोडक्यात. कूलिंग टॉवरने एक मेगावॅट उष्णता दिवसभर बाहेर टाकायची तर साधारण ३५ हजार लिटर पाण्याची वाफ होते, १०० मेगावॅटला ३५ लाख लिटर, रोज. आमच्या पट्ट्यात एमआयडीसीचं पाणी बारवी धरणातून येतं, ज्यासाठी गावं उठली. दुसरीकडे नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणेला सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना द्यायचे प्लांट उभे केलेत, रोज दोन कोटी लिटरचा एकेक. इतकं पाणी दाराशी असताना नव्या सेंटरच्या टॉवरमध्ये धरणाचं पाणी जाऊच नये, तशी अटच टाका. पाणी नको म्हणून हवेवरचे चिलर बसवले तर वीज जास्त लागते, म्हणून वीज आणि पाणी हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघावे लागतील.

दुसऱ्यांनी हे केलंय. आयर्लंडमध्ये २०१५ ला देशाच्या ५ टक्के वीज डेटा सेंटर खायची, २०२३ ला २१ टक्के झाली, मग धावाधाव सुरू झाली. सिंगापूरने २०१९ पासून नवी सेंटर थांबवली आणि २०२२ मध्ये परत दार उघडलं ते पीयूई १.३ च्या आत ठेवायच्या अटीवर, आणि त्यांची हवा आपल्यापेक्षा दमट आहे, हे मुद्दाम सांगतो कारण मीटिंगमध्ये तुम्हाला कोणीतरी नक्की म्हणेल की मुंबईच्या हवेत हे होत नाही. जर्मनीने कायद्यात लिहिलं की जुलै २०२६ नंतर सुरू होणाऱ्या सेंटरचा पीयूई १.२ पाहिजे. युरोपात ५०० किलोवॅटच्या वरच्या सेंटरना आकडे द्यावेच लागतात. आपल्याकडे घरातल्या फ्रिजवर स्टार बघून आपण फ्रिज घेतो, पण शंभर मेगावॅट ओढणाऱ्या बिल्डिंगचा आकडा शेजारच्या गावठाणाला कळत नाही.

कंपन्या निघून गुजरातला जातील, विशाखापट्टणमला जातील ही भीती तुमच्यासमोर रोज मांडली जात असणार, गूगलचं १५ अब्ज डॉलरचं काम तिकडे गेलंच. पण मी ज्या ऑडिटना हजर राहिलोय तिथे परदेशी कस्टमरची माणसं आधी पीयूईचाच लॉग मागतात, कारण त्यांना त्यांच्या देशात तो द्यावा लागतो. ज्या राज्यात सरकारी शिक्क्याचा आकडा मिळेल तिथे त्यांचं काम सोपं होईल.

तर पुढच्या करारावर सही करायच्या आधी फाईलला एक पान जोडा साहेब. पूर्ण वर्षाचा प्रत्यक्ष मीटरचा पीयूई, डिझाईनचा नको, डिझाईन सगळ्यांचंच सुंदर असतं. पाणी किती आणि कुठलं. तासागणिक वीज कुठून आली. मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्या. दरवर्षी ते पान महाऊर्जाच्या, म्हणजे ऊर्जा बचत बघणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेच्या, वेबसाईटवर टाका आणि त्यावर पुढच्या वर्षीची सूट ठरवा. आणि ते पान तयार करायला जी समिती बसेल तिच्यात कृपा करून चिलरवर काम करणारी दोन माणसं घ्या, रबाळे-महापेत आमच्यासारखी शेकड्यांनी आहेत, कुठल्या मीटरला सीटी (मीटरसाठी करंट मोजणारा भाग) उलटा लावलाय हेसुद्धा आम्हाला पाठ असतं.

आपला नम्र,
घणसोलीचा एक शिफ्ट इंजिनीयर